आंटींची पोटुशी

दार उघडलं की आंटी आधी समोरच्याच्या हातांकडे बघायच्या, तोंडाकडे नंतर. हातात मोबाईल दिसला तर "खिशात". हात रिकामे असले तर "मागे". मग कुठे "ये गं बाय, चहा टाकते."

ज्याला सगळे तिरसट म्हणतात आणि अडचणीत पहिली बेल त्याचीच वाजवतात, असं एखादं माणूस तुमच्याही इमारतीत असेल. इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये त्या आंटी होत्या. मूळ वसईच्या, एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. नाव लिहीत नाही. छापलेलं दिसलं तर येऊन माझे कान उपटतील.

त्यांच्या हॉटेलातला एक शेफ नोकरी सोडून मायदेशी निघाला. "आठवडाभर सांभाळा, पेपर्स करून नेतो," म्हणत त्याने एक काचेची पेटी आंटींच्या गळ्यात मारली आणि फोन कायमचा बंद केला. आमच्याकडे हे असंच चालतं. व्हिसा संपला की लोक सोफा विकतात, गाडी विकतात आणि मांजर पार्किंगमध्ये सोडून जातात. कालपर्यंत मांडीवर घेतलेला जीव असा टाकून यांना विमानात झोप तरी कशी लागते? माझं तर अजूनही डोकं फिरतं.

पेटीत कॉर्न स्नेक होती. केशरी, लाल ठिपक्यांची, अंगठ्याएवढी जाड, साफ बिनविषारी. सुरुवातीला आंटी शेफवर चिडून होत्या, सापावर होत्या, आणि सापाचे उंदीर ठेवावे लागतात म्हणून फ्रीझरवरही होत्या. अंकल, म्हणजे त्यांचे मिस्टर, पापलेट शोधायला फ्रीझर उघडायचे आणि "जीझस!" म्हणून लगेच बंद करायचे.

मग तिने खाणं सोडलं आणि पोटाची मागची बाजू फुगायला लागली. आंटी तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि लालबुंद होऊन परत आल्या.

"प्रेग्नंट आहे ही! त्या मेल्याने नर कुणाला तरी देऊन टाकला आणि पोटुशी माझ्या दारात टाकली."

त्या दिवसापासून सगळं जग त्या पोटुशीला छळायलाच जन्माला आलंय, असं आंटींचं ठाम मत झालं. त्यांनी एका डब्याच्या झाकणाला भोक पाडलं, आत ओलं शेवाळ भरलं आणि डबा पेटीच्या उबेच्या कोपऱ्यात ठेवला. "अंडी घालायला अंधार लागतो, ओल लागते. जागा पसंत नाही पडली तर पोटातच धरून बसते. मग अडते." एसीचा झोत दुसरीकडे वळला. व्हॅक्यूम क्लीनर बंद झाला. अंकल क्रिकेटची मॅच आवाज बंद करून बघायला लागले, आणि चौकार गेला की उशीत तोंड खुपसून ओरडायचे.

"थोडीशी उचलून बघू?" मी एकदा विचारलं.

"तुला सातव्या महिन्यात कोणी उचलून फिरवलं होतं?"

पुढे तिने कात टाकली. पेटीत अस्वस्थ फेऱ्या मारायला लागली. "आता कधीही," आंटी म्हणाल्या आणि ड्यूटीवर जाताना अंकलना बजावून गेल्या, कुणालाही आत घ्यायचं नाही.

आणि नेमकी नागपंचमी आली.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर समोरच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. आत आमच्या टॉवरचा अख्खा महिला ग्रुप, जरीच्या साड्यांत. पुढे अनघा वहिनी, कारण सणावारी पुढे त्याच असतात. अंकलना नाही म्हणता येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. डब्याचं झाकण काढलेलं. वाटीत दूध, पेटीत लाह्या, उदबत्तीचा धूर. तिच्या डोक्यावर हळदकुंकू. कुणीतरी तिची ओटीही भरली होती, तांदूळ, नारळ, खण सगळं साग्रसंगीत! तिने थोडी अंडी घातली होती, तीही या हातातून त्या हातात फिरत होती. "अय्या, किती मऊ!" आणि वहिनींनी तिलाच उचलून पदरावर घेतलं होतं, रील काढायला.

"मम्मी, स्नेक्स डोन्ट ड्रिंक मिल्क," वहिनींची मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस. देवाचं आहे."

माझ्या मागोमाग लिफ्टमधून आंटी आल्या. युनिफॉर्ममध्येच होत्या. हातातली पर्स त्यांनी चपलांच्या ढिगावरच टाकली.

"खलास! बाहेर! सगळ्या बाहेर!"

"अहो आंटी, आम्ही श्रद्धेने—"

"श्रद्धा तुमची, पोट तिचं! तुझ्या डिलिव्हरीला मी लेबर रूममध्ये येऊन रांगोळी काढली असती, चाललं असतं तुला?"

ती अंडी वाया गेली. सापाचं अंडं जसं घातलं तसंच ठेवावं लागतं, ते या बायकांनी लाडूसारखं वळवून पाहिलं होतं. उरलेली पोटातच राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, शांत राहू दे, कदाचित घालेल. नाहीतर ऑपरेशन.

दुसऱ्याच दिवशी इमारतीचा मॅनेजर पेटी हलवायला दारात. कंप्लेंट आली होती, फ्लॅटमध्ये साप आहे, लहान मुलांना धोका आहे. कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. काल जिच्यापुढे हात जोडले ती आज धोका! असल्या भक्तीला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, पण छापता येणार नाही.

आंटी दारात खुर्ची टाकून बसल्या. "यल्ला, चलो, पहले मेरे को उठाओ."

मॅनेजर इजिप्तचा, धिप्पाड माणूस. त्याने कपाळाला हात लावला. "मदाम, व्हाय?"

"शी इज प्रेग्नंट, हबीबी. अडली आहे. स्टक."

तो आत डोकावला, डब्याकडे बघून हळू आवाजात "मस्कीना" म्हणाला, म्हणजे बिचारी. "आफ्टर बेबी, खलास. इन्शाल्ला." आणि बूट न वाजवता गेला. त्या परक्या माणसाला कळलं हो! चार-चार बाळंतपणं काढलेल्या आमच्या बायकांना नाही कळलं.

तिने अंडी घातली नाहीत. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, त्यात ती गेली.

आंटी कुणाला काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते, की आता त्या वहिनींच्या दारात जातील, शेफच्या सात पिढ्या काढतील. काही नाही. त्यांनी पेटी धुतली, पुसली आणि गच्चीत उन्हात ठेवली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "पोरीने शेवटपर्यंत जागाच शोधली गं." आणि रडल्या. मला त्यांच्या रागाची इतकी सवय होती, की त्या रडण्यापुढे काय करावं तेच कळेना. फ्लॅटचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर दोघं अजमानला गेली. फोन करते मी. नीट बोलतात, पण कुणावर चिडत नाहीत. ते मला सहन होत नाही.

परवा लिफ्टमध्ये अनघा वहिनी भेटल्या. हातात भाजीच्या पिशव्या, तोंडभर हसू.

"आंटी गेल्या म्हणे. आणि तो साप?"

"ती. बाळंतपणात गेली."

"अरेरे." वहिनींनी एका हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "जाऊ दे बाई, आपण आपलं सगळं केलं तिचं."

"केलंत ना? ओटीसुद्धा भरलीत," मी म्हटलं. "मग आता सुतकही पाळा."

लिफ्ट थांबली. तो वहिनींचा मजला नव्हता, तरी त्या उतरल्या.