बाराचं अॅव्हरेज

“गाडीत काही दोष नाही, असं लिहून द्या,” डॉ. सोनकांबळे म्हणाल्या. “म्हणजे डिझेल चोरीला जातंय हे ठरेल. मग ड्रायव्हरचं काय करायचं ते मी बघते.”

ड्रायव्हर बालाजी पाच हातांवर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं.

मी तेव्हा लातूरला एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर होते. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, जॉबकार्ड लिहायचं आणि गाडीला काय झालं ते त्याला समजेल असं सांगायचं, हे माझं काम. दुष्काळाचा उन्हाळा होता. वॉशिंग बंद होतं, गाड्या नुसत्या फडक्याने पुसून देत होतो.

डॉक्टरबाईंचं औशाला प्रसूतीचं हॉस्पिटल. माहेर लोह्याचं, म्हणून आठवड्यातून दोन दिवस तिथे ओपीडी. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर. त्यासाठीच त्यांनी नवी एसयूव्ही घेतली होती. लिटरला सतरा-अठरा मिळेल, असं आमच्या सेल्सवाल्यांनी सांगितलेलं. मिळत होते बारा.

तेही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण आदल्या आठवड्यात लोह्याहून परतताना चाकूरच्या पुढे गाडी बंद पडली. टाकी कोरडी. औशाला एक बाई बाळंतपणात अडली होती. डॉक्टरबाई रस्त्यावर हात दाखवून एका जीपमधून गेल्या. बाई आणि बाळ दोघं वाचली, पण थोडक्यात.

“डिझेलचा दिवा लागला तेव्हा थांबला का नाहीत?” मी विचारलं.

“बालाजी म्हणाला होता पंपावर घेऊ. मीच नको म्हटलं. सकाळी निघताना मीटरवर तीनशेची रेंज मी स्वतः बघितली होती. अडीचशेला तीनशे पुरायला नकोत?”

रेंज म्हणजे टाकीत आहे तेवढ्या डिझेलवर गाडी अजून किती जाईल, याचा गाडीने केलेला अंदाज. आधी गाडी कशी पळाली त्यावरून ती तो बांधते. पुढे तिला काय करावं लागणार, हे तिला कुठून कळणार? हे मी सांगितलं. बाईंना ते पटलं नाही.

आमचे वर्क्स मॅनेजर कुलकर्णी साहेब म्हणाले, “टेस्ट घे. सतरा आलं की रिपोर्ट दे आणि विषय संपव. घरचं भांडण आपल्याकडे नको.”

टाकी काठोकाठ भरली. बालाजीलाच चालवायला बसवलं, मी शेजारी. अहमदपूरपर्यंत जाऊन आलो आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. जेवढं मावलं तेवढं खर्च झालं, असा तो साधा हिशोब. सतरा आलं. बालाजीचा हात हलका होता. उगाच ब्रेक नाही, उगाच रेस नाही.

म्हणजे गाडी चांगली आणि चालवणाराही चांगला. आता मी सही केली की बालाजी चोर ठरणार होता.

वर्कशॉपला आल्यावर मी गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. हा कॉम्प्युटर टाकीतलं डिझेल मोजून अॅव्हरेज काढत नाही, इंजिनात किती गेलं ते मोजून काढतो. कुणी टाकीतून नळी लावून काढलं असतं, तर टाकी रिकामी झाली असती, पण कॉम्प्युटरने सतराच दाखवलं असतं. गाडी घेतल्यापासूनचं अॅव्हरेज त्याने दाखवलं ते बारा. सगळं डिझेल इंजिननेच जाळलं होतं. आणि जेवढा वेळ इंजिन चालू होतं, त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ गाडी जागेवर उभी होती.

मी बालाजीला बाजूला घेतलं. “गाडी उभी करून इंजिन का चालू ठेवता?”

“लई ऊन हाय ताई. एशी लावून बसतो.”

टेस्टला जाताना भर दुपारी त्याने खिडकी उघडून गाडी चालवली होती. एसी मी सांगितल्यावर लावला होता. मी तसं म्हटलं.

मग तो म्हणाला, “मॅडमला सांगू नका. गुरुजी बसतेत.”

गुरुजी म्हणजे डॉक्टरबाईंचे वडील. निवृत्त हेडमास्तर, दम्याचे पेशंट, लेकीकडे औशाला राहायचे. ओपीडीच्या दिवशी तिच्याबरोबर लोह्याला जायचे. ती समजायची, ते मित्राच्या घरी बसतात.

“मित्राचं घर पत्र्याचं,” बालाजी म्हणाला. “दुपारी लाईट न्हाई. टँकर चार दिवसांनी येतंय. गुरुजी म्हणतेत, मी गेलो की त्याला पाणी द्यावं लागतं. चहा ठेवावा लागतो. त्यानं कुठून आणावं? मग चौघं मित्र दवाखान्यामागं लिंबाखाली गाडीतच बसतेत. गुरुजी घरून दोन बाटल्या पाणी आणतेत. नवा जिल्हा झाला तर कोणता तालुका कुठं जाईल, त्यावर भांडत राहतेत. चार-चार तास.”

“मग हे सांगितलं का नाही? तुम्हाला चोर म्हणतायत.”

“लेकीला कळलं तर उन्हात आणणंच बंद करल ती. गुरुजींना तेवढंच हाय.”

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी रिपोर्ट समोर ठेवला. डिझेल चोरीला गेलेलं नाही, उभ्या गाडीत इंजिन चालू राहिल्याने जळलं आहे.

त्यांनी बालाजीकडे बघितलं. “चार तास एसी लावून झोपत होतास?”

“हाव मॅडम. चुकलं.”

“त्या दिवशी ती बाई मेली असती, बालाजी. उद्यापासून येऊ नकोस.”

त्याने किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी गप्प राहणार होते, पण ती किल्ली बघून राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. बालाजी माझ्याकडे रागाने बघत होता.

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ रिपोर्टची कडा दुमडत राहिल्या.

“बाबा मला म्हणायचे, मित्राकडे दोनदा चहा झाला,” त्या हळूच म्हणाल्या. मग मला विचारलं, “एवढा वेळ एसी लावून बसलेलं चालतं?”

“उघड्यावर उभी असेल तर चालतं. काच थोडी खाली ठेवायची. डिझेल तासाला लिटर-दीड लिटर धरायचं.”

त्यांनी किल्ली बालाजीपुढे सरकवली. “लोह्याहून निघताना टाकी भरायची. मी नको म्हटलं तरी भरायची.”

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा अॅव्हरेज साडेअकरा होतं. मी जॉबकार्डावर तक्रारीचा रकाना भरायला घेतला. बालाजी म्हणाला, “काही न्हाई लिहायचं. गुरुजींचा अजून एक मित्र येतोय, आता पाच जण बसतेत.”

कुलकर्णी साहेबांनी रिपोर्टबद्दल मला काही म्हटलं नाही. अॅव्हरेजची तक्रार आली की मी आजही स्कॅनर लावायच्या आधी एकच प्रश्न विचारते: गाडी उभी असते तेव्हा आत कोण असतं?