कडुबाचं 'व्हय'

आमच्या प्रेस शॉपमध्ये 'व्हय' म्हणायला बंदी होती. ती कंपनीनं नव्हे, कडुबानं घातली होती.

वाळूजच्या त्या शॉपमध्ये मी सुपरवायझर आणि तो साचे बसवणारा. पत्रा दाबणारे अठरा प्रेस एकदम सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ओठ बघूनच कळायचं. साचा बसवताना एकाचे हात आत असतात आणि दुसऱ्याचा हात बटणावर. एकदा आतला राजकुमार ओरडला, "थोडं थांब!" बटणावरच्याला 'थोडं'च्या जागी 'सोड' एवढंच ऐकू आलं. "व्हय," म्हणून त्यानं प्रेस सोडला. राजकुमारची दोन बोटं गेली.

साहेब लोकांनी भिंतीवर सूचना चिकटवली. कडुबानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा केलं. "व्हय म्हणायचं नाय. नुसती मान तर नंदीबैलबी हलवतो. काय ऐकलं ते परत बोल. आतल्यानं हात वर केला तरच बटण दाब." पाचोडचा सातवी पास माणूस. पण त्यानंतर चौदा वर्षं आमच्याकडे कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही. त्याच्या या पद्धतीला इंजिनियर लोकांनी भलंमोठं नाव दिलं आणि बक्षीस मॅनेजरच्या गळ्यात घातलं, ते एक सोडा.

प्रेसच्या त्या आवाजात त्याचे कान मात्र गेले. दरवर्षी तपासणीची गाडी यायची. कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायचं. कडुबा काचेतून तपासणाऱ्या बाईंचा खांदा बघायचा आणि खांदा हलला की बटण दाबायचा. रिपोर्ट ठणठणीत. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. कान गेलेत म्हटल्यावर त्याची नोकरी जाणार आणि माझा माणूस जाणार, म्हणून मूग गिळून बसलो. आज ते गप्प बसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

निवृत्तीनंतर बजाजनगरच्या दोन खोल्यांत तो आणि द्वारकाबाई राहू लागले. दोनदा "काय?" विचारलं की लोक वैतागतात, तिसऱ्यांदा विचारलं की हसतात. ती लाज त्याला सोसेना. मग ज्यानं 'व्हय'वर बंदी घातली तोच सगळ्यांना 'व्हय' म्हणू लागला. द्वारकाबाईनं विचारावं, "भाजी कोणती करू?" यानं म्हणावं, "व्हय." आम्ही हसायचो. मीही हसायचो.

त्यांची एकुलती एक मुलगी सोनिया, पिशोरला दिलेली. नवरा मारतो हे तिनं माहेरी कधी कळू दिलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये तिनं शेजारणीच्या मोबाईलवरून फोन केला. द्वारकाबाई दळण आणायला गेली होती, फोन कडुबानं घेतला. सोनिया दबक्या आवाजात बोलत होती. "आबा, हा लई मारतो. उद्या अकराला कन्नडच्या स्टँडवर मला न्यायला या. याल ना?"

"व्हय, व्हय," कडुबा म्हणाला.

द्वारकाबाई आल्यावर त्यानं सांगितलं, "सोनीचा फोन होता. मजेत हाय."

दुसऱ्या दिवशी सोनिया एक पिशवी घेऊन घराबाहेर पडली. जवळ कन्नडपर्यंतच्या जीपपुरतेच पैसे होते. स्टँडवर ती अकरापासून बसून राहिली. कुणाचा तरी मोबाईल मागून पुन्हा फोन करावा असं तिला वाटलंच नाही. बाप हो म्हणालाय म्हणजे वाटेत असणार, एसटीला उशीर झाला असेल. पाच वाजता दीर शोधत आला आणि तिला जीपमध्ये घालून घेऊन गेला.

हे आम्हाला दहा दिवसांनी त्या शेजारणीकडून कळलं. मी गाडी काढली आणि दोघांना घेऊन पिशोरला गेलो. सोनिया दारात उभी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, मागं सासू. ती बापाकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमी व्हय म्हणला होता, आबा."

कडुबानं तिचे ओठ वाचले आणि तिथंच ओट्यावर बसला.

मी पोलिसांचं नाव काढलं. "मी घसरून पडले, काका," ती म्हणाली. द्वारकाबाईनं पदर पसरला, तरी ती आली नाही. एकदा बाहेर पडून परत नेली गेलेली बाई पुन्हा कुणाच्या भरवशावर उंबरा ओलांडणार? मला तिचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

महिनाभरात कडुबानं कानाचं यंत्र घेतलं, चांगल्यातलं. दर रविवारी दुपारी तो तिला फोन लावतो. परवा मी समोरच बसलो होतो.

"न्यायला येऊ का, सोने?" पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "नको म्हणलीस?" मग त्यानं विचारलं, "मारतो का अजून?"

बराच वेळ तो यंत्राला बोट लावून ऐकत राहिला. "नाय म्हणलीस?" त्यानं विचारलं आणि फोन खाली ठेवला.

"नायच म्हणली, साहेब," तो मला म्हणाला. "नीट ऐकलं मी. खोटं बोलती."