काळं म्हणजे किती काळं?

अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात आजारांना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या इन्शिराहबाई अंदाजाने एकही आकडा टाकत नसत. सगळे त्यांना टरकून असत, आणि मानतही असत.

हमाल गाबिरचाचांच्या हर्नियात आतडं अडकलं. ऑपरेशननंतर डॉक्टर वग्दींनी लिहिलं, ‘आतडं काळं.’

बाई तडक त्यांच्यापुढे उभ्या. “डॉक्टर, आपल्याकडे चहा उशिरा आला तरी लोक ‘दिवस काळा झाला’ म्हणतात! हे काळं कुठलं? आतडं मेलं असेल तर क्रमांक वेगळा.”

डॉक्टर हसले. “सोडवून गरम ओल्या कपड्यात धरलं, तसं गुलाबी झालं. जिवंत आहे.”

“मग तसं लिहा!”

परतताना वॉर्डात गाबिरचाचा कण्हले, “बाई, माझा दिवस काळा झाला हो!”

“काही काळाबिळा नाही,” बाई कडाडल्या. “डॉक्टरांच्या सहीनिशी गुलाबी आहे!”