शहापूर ते लाखांदूर, धान मागत

भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आम्ही निघालो तेव्हा हमरस्त्यावर दाट धुके होते आणि मालमोटारी दिवे लावून येत होत्या. पुढे सदाशिवभाऊ, मागे बैलांचा कासरा धरून मी, आणि आमच्यामागे रिकामी बंडी (बैलगाडी). एकाहत्तरच्या लढाईला काही वर्षे झाली होती. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी जवान जायबंदी होऊन परतले होते आणि त्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत होती. सदाशिवभाऊ त्यांच्यातलेच. सुरुंगाने डावा पाय गुडघ्याखालून गेला, तिथे लाकडी पाय बसवलेला. भंडाऱ्याला माझ्या हातमागावर ते सुताच्या कांड्या भरायला येत. मळणीच्या दिवसांत पायी फिरून धान मागायचे आणि अशा घरांना पोचवायचे, ही कल्पना त्यांचीच.

शेवटचा मुक्काम लाखांदूरला होता. तिथे त्यांचा पलटणीतला दोस्त डोमाजी राही. त्याच सुरुंगाने डोमाजीचे डोळे गेले होते. इस्पितळात दोघांची ताटातूट झाली, ती झालीच.

"एस.टी.नं कधीच भेटून आला असतात, भाऊ," मी म्हटले.

"रिकाम्या हातानं काहून जाऊ?" ते म्हणाले. "त्यानं मले पाठीवर घेऊन आणलं होतं. त्याले दिसत नव्हतं, मी वाट सांगत होतो. आता मी चालत जाऊन राहिलो त्याच्याकडे. तसा निरोपच धाडला आहे."

वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (धानाचे वाफे) लागल्या. लाखनीच्या अलीकडे एका खळ्यावर बैल धान तुडवत होते. म्हाताऱ्या मालकाने आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कोनत्या पार्टीचे?"

"पलटणीचे," सदाशिवभाऊ हसून म्हणाले आणि धोतर थोडे वर घेतले.

म्हाताऱ्याने टोपलीभर धान बंडीत ओतले, मग आणखी एक टोपली ओतली आणि आम्हाला जेवायलाच बसवले. नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वरण, वर सांबार (कोथिंबीर). असे जेवण वाटेत ठिकठिकाणी मिळाले. बाया सुपाने धान आणून घालत. सदाशिवभाऊ प्रत्येकीला घरी कोण आहे, काय करतो, हे विचारत. त्यांच्या बोलण्यामुळे आम्ही पुढे सरकतच नसू, आणि मी त्यांना घाई करी.

साकोलीला बंडी निम्मी भरली. तिथून आम्ही एकोडीला वळलो. रस्ता कच्चा होता, चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. गावात शिरताना सदाशिवभाऊंनी माझा खांदा धरला. त्यांनी कधी कुणाचा आधार घेतला नव्हता. ज्यांच्या पडवीत उतरलो त्या पाटीलबाईंनी लाकडी पाय उतरवला, तर आत सगळे सोलून निघाले होते आणि मांडी तापली होती.

"हे कधीपासून?" मी विचारले.

"साकोलीपासून असंल," ते म्हणाले. "तुम्ही बंडी घेऊन व्हा पुढं. डोमाजी वाट पाहून राहिला असंल. दोन दिवस पडतो अन् येतो."

पाटीलबाई म्हणाल्या, "जा तुम्ही, बापू. साकोलीच्या डॉक्टरकडे यांना आम्ही नेतो." मी निघालो. दक्षिणेचा तो सगळा रस्ता, पळसाचे रान, पाण्याने भरलेली तळी, मी नीट पाहिलीच नाहीत.

लाखांदूरच्या वेशीवर एक उंच माणूस बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बंडीचा आवाज ऐकून तो पुढे आला.

"सदा?"

मी सगळे सांगितले. डोमाजी बायकोला म्हणाला, "कौसे, माही चादर दे. तो नाही येऊ शकत तर मी जातो."

धान कौसाबाईंच्या हवाली करून आम्ही सकाळची एस.टी. धरली. साकोलीच्या स्टँडवर चौकशी केली, तर कळले की ताप डोक्यात चढला म्हणून पाटलांनी त्यांना राईस मिलच्या ट्रकने नागपूरला नेले होते. आम्ही तसेच पुढच्या गाडीत चढलो. दुपारी इस्पितळात पोचलो तेव्हा पाटील व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसले होते. सदाशिवभाऊ सकाळीच गेले होते.

डोमाजीला मी पलंगाशी नेले. त्याने त्यांच्या कपाळावरून, गालांवरून सावकाश हात फिरवला. हनुवटीशी हात थांबला.

"दाढी कधी ठेवली यानं?" त्याने विचारले. मला ठाऊक नव्हते.

धान पुढे घरोघर पोचले. कौसाबाईंनी स्वतः फिरून ते वाटले, आणि त्या फेरीबद्दल लोक अजून चांगले बोलतात. बोलोत. मला मात्र साकोलीचा स्टँड आठवतो. धान घेऊन जाताना भाऊ आणि मी तिथे वडाखाली बसलो होतो आणि लाखांदूरची गाडी आमच्यासमोरच उभी होती. कंडक्टर हाका मारत होता. बहुतेक बाके रिकामी होती.

नागपूरहून परतीच्या गाडीत डोमाजी खिडकीशी बसला होता. भंडारा मागे पडल्यावर त्याने माझ्याकडे तोंड वळवले.

"तुम्ही त्याच्यासंगं इतकं चालले, बापू. आता कसा बोलत होता तो? आवाज भारी झाला होता काय?"

एवढी वाट मी तो आवाज ऐकत आलो होतो. मी तोंड उघडले, पण तो कसा होता हे मला काही केल्या सांगता येईना.