वास नसलेली वडी

कार्तिकातला रविवार. महिनाभर सुकवलेल्या साबणाच्या वड्या कागदात गुंडाळल्या. खोबरेल, कॉस्टिक सोडा, पाणी; दुसरं काही घातलेलं नाही. आमच्याकडे राहायला आलेल्या नणंदेचे हात भेगाळून रक्त येतंय आणि डॉक्टरांनी सुगंधी साबण बंद करायला सांगितलाय. तिने वडी उचलून थेट नाकाला लावली.

"वहिनी, याला वासच नाही! हात धुतल्यासारखे वाटणार कसे?"

"हात काय नाकाने धुतेस?"

ती हसली, पण वडी खाली ठेवली. स्वच्छतेची खात्री आपण नाकाकडून करून घेतो. भोगते ती कातडी, तिला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेसिनवरचा तिचा गुलाबी, वासाचा साबण उचलून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला आणि बेसिनवर ही वडी ठेवली.