शेजारच्या बेडवरचा वाचक

कादंबरीची पहिली काही प्रकरणं मी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. अंगठे आले, जोडलेले हात आले. नणंदेने लिहिलं, 'मस्त! निवांत वाचते.' तो निवांतपणा तिला काही मिळाला नाही. मग एका वेबसाइटवर टाकून पाहिली. तिथला वाचकांचा आकडा बहुधा मीच सारखी उघडून बघत असल्यामुळे वाढत होता. नवऱ्याला वाच म्हटलं की तो म्हणायचा, "मला त्यातलं काय कळतं?"

विमानतळासाठी उठलेल्या एका गावातल्या दोन बहिणींची ती गोष्ट. नव्या वसाहतीत त्यांना समोरासमोर घरं मिळतात, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. एवढंच कथानक. पतपेढीतली नोकरी करता करता मी ते कितीतरी वर्षं लिहीत होते.

मग नवऱ्याच्या किडन्या गेल्या. मी नोकरी सोडली आणि आमचा आठवडा डायलिसिसच्या वारांवर चालू लागला. पनवेलमध्येच, स्टेशनपासून जवळ एका इस्पितळात आम्ही सकाळच्या पाळीला जायचो. आधी वजन, मग हातात सुया, मग चार तास मशीनची घरघर. एसी इतका की घरून गोधडी न्यावी लागे. तो डोळे मिटून पडायचा आणि मी त्याच्या पायाशी स्टुलावर बसून मोबाईलवर लिहायची. जिद्द वगैरे काही नव्हती. त्याच्या हातातून रक्त बाहेर जाताना बघवत नसे, म्हणून नजर कुठेतरी अडकवायची.

शेजारच्या बेडवर उरणजवळच्या करंजा बंदरावरचे एक काका असायचे. एके काळी त्यांची स्वतःची बोट होती. उन्हाने रापलेला माणूस, पण पायांना सूज. पाणी मोजून प्यायचं म्हणून ते बर्फाचा तुकडा गालात धरून बसायचे.

एक दिवस त्यांनी विचारलं, "बाय, सारखी काय लिवतेस? हिशेब?"

"नाही काका. गोष्ट लिहिते."

"कोनाची?"

मी सांगितलं. त्यांनी बर्फ या गालातून त्या गालात नेला. "मना वाचून दाखव. साखरेनं डोल्यांची वाट लावली, अक्षर दिसत नाय."

माझी गोष्ट कुणी मागण्याची ती पहिली वेळ. मी हळू आवाजात सुरुवात केली. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज सिस्टरने न सांगता कमी केला. त्या दिवसापासून दर पाळीला एक प्रकरण असा शिरस्ता पडला. आदल्या दिवशी मी घरी बसून ते पुरं करायची, कारण काका सुया टोचून होण्याआधीच विचारत, "काय झाला फुडं?"

ते ऐकताना भांडायचेही. थोरलीच्या मुलीच्या लग्नात मी धाकट्या बहिणीला तिच्या घरी नेऊन सोडलं, तेव्हा ते चिडले. "इतक्यात नको बोलवू त्यांना. खोटा वाटतंय. माजा भाव समोरच रातो. वर्षं झाली, आमी बोलत नाय. पन मी इकरं यायला रिक्षात बसलो का तो दारात येऊन उबा रातो. रिक्षा वलली का आत जातो. बस."

मी ते लग्न काढून टाकलं. त्या जागी लिहिलं की थोरली इस्पितळात जायला निघते तेव्हा धाकटी उंबऱ्यात येऊन उभी राहते. पुढच्या वेळी ते वाचलं आणि काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला भीती वाटली. त्यांचं दुःख मी त्यांना न विचारता उचललं होतं.

"काका, काढून टाकू का?"

मग ते तसेच भिंतीकडे बघत म्हणाले, "नको. असाच हाय. वाच फुडं."

शिमग्याच्या आठवड्यात त्यांचा बेड रिकामा दिसला. सिस्टर चादर बदलत होती. मी विचारायच्या आधीच तिने मान हलवली आणि म्हणाली, "परवा पहाटे. घरीच."

मोबाईलमध्ये त्यांच्यासाठी लिहिलेलं प्रकरण होतं. ते मी तेव्हा कुणालाच वाचून दाखवलं नाही. त्या बेडवर खारघरचा एक तरुण इंजिनियर येऊ लागला, कानात इयरफोन घालून पडायचा. लिहिणं थांबलं. कुणी विचारणारं नसेल तर त्या बहिणी बोलल्या काय आणि न बोलल्या काय. मी मोबाईलवर भाज्यांच्या पाककृती बघत बसू लागले.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. नवरा डोळे मिटून पडला होता, मला वाटलं झोपलाय.

"थोरली घरी परत आली का?" त्याने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. "कोण थोरली?"

"तुझी. इस्पितळात गेलेली." डोळे मिटलेलेच होते. "काकांना वाचून दाखवायचीस तेव्हा मी काय झोपलेलो असायचो?"

"मग कधी बोलला नाहीस?"

"त्यांचं चालू असायचं ना. ते जास्त चांगलं विचारायचे." मग तो म्हणाला, "पुढचं वाच."

"लिहिलेलं नाही."

"मग लिही. मी इथे पडून दुसरं करू काय?"

मी गोधडी त्याच्या खांद्यापर्यंत ओढली. काही सुचलं नाही, म्हणून काकांसाठी लिहिलेलं ते प्रकरण उघडलं आणि वाचू लागले.

कादंबरी पुढच्या हिवाळ्यात संपली. बहिणी शेवटपर्यंत बोलत नाहीत. दोन प्रकाशकांनी परत पाठवली, तिसऱ्याचं उत्तर आलेलं नाही. नवरा म्हणतो, शेवट बरोबर आहे, पण धाकटीवर मी अन्याय केला. त्यावरून आमचं अधूनमधून वाजतं. सध्या मी धाकटीची बाजू लिहिते आहे.