वाळूजची बस आणि सत्त्याण्णवचा आकडा

विषय : कामगारांच्या बसला लागलेले अतिवेगाचे चलान रद्द होणेबाबत.
संदर्भ : सिडकोतील चहाच्या टपरीवरील तोंडी चर्चा, वेळोवेळी.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, नोकरीत असताना माझ्या टेबलावर फायली साचायच्या, आता किस्से साचतात. फायलींना निदान नाडी असायची. किस्से मोकळेच असतात आणि कुणी नुसतं "काय चाललंय?" म्हटलं तरी बाहेर पडतात. या एका चलानानं आमच्या टपरीला इतके किस्से पुरवले, की ते लावणाऱ्या यंत्राचे आभारच मानायला हवेत.

टपरीवर आम्ही तीन रिटायर्ड कारकून. मी बांधकाम खात्यातला, देशपांडे कोर्टातले, साळवे वजनमापं खात्यातले. चौथे गफूरभाई. आमच्यात काम करणारे तेवढेच. वाळूजच्या एका कारखान्याचे कामगार ते बसनं ने-आण करतात. पहिली पाळी सोडून आले की बस मैदानाच्या कडेला लावून आमच्यात येऊन बसतात.

एका सकाळी त्यांनी चहाला हात लावला नाही. मोबाइल पुढं केला. स्क्रीनवर बसचा फोटो आणि खाली आकडा, ताशी सत्त्याण्णव किलोमीटर!

"साब, वो गाड़ी को ऐंशी पे लॉक है," गफूरभाई म्हणाले. "डोंगर पे से ढकल दो, तो भी सत्त्याण्णव नहीं होती."

ठेकेदाराच्या सुपरवायजरनं सांगून टाकलं होतं, "अतिवेगाचं चलान आलं की ड्रायव्हर खाली. आठ दिवसांत काय ते मिटवा." बावीस वर्षांत गफूरभाईंच्या हातून गाडीला ओरखडा आला नव्हता. घरी दोन मुली कॉलेजात.

देशपांड्यांनी चष्मा पुसला. "अर्ज करू," ते म्हणाले. रिटायर झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज मी पाहिलं नव्हतं.

*

फोटोतली गोम साळव्यांनी शोधली. मोबाइलवर दोन बोटं फाकवून फोटो मोठा करत ते म्हणाले, "हे काय हाय?"

बसच्या उजव्या कडेला मोटरसायकलचं अर्धं चाक दिसत होतं. बाकीची मोटरसायकल फोटोच्या बाहेर निघून गेली होती.

"सत्त्याण्णवनं हे चाक चाललंय," साळवे म्हणाले, "आणि नंबर दिसतोय बसचा. पळणारा पळाला, दिसणारा सापडला. आपल्या हापिसात तरी दुसरं काय व्हायचं?"

*

अर्जाचा मसुदा मी केला. अकरा मुद्दे! बांधकाम खात्यात एवढ्या मुद्द्यांवर पूल पडायचे, चलान काय चीज. सातवा मुद्दा माझा सगळ्यात लाडका होता : 'सदर बस मागील सहा महिन्यांत कारखान्याच्या गेटवर वारंवार उशिरा पोहोचल्याचे गेटवरील रजिस्टरवरून सिद्ध होते. सबब सदर चालक वेगाने वाहन चालवतो हे संभवत नाही.'

देशपांडे म्हणाले, "वा! बिनतोड."
साळवे म्हणाले, "लई भारी."

गफूरभाईंनी मान खाली घालून दोनदा वाचलं.

"साब," ते अदबीनं म्हणाले, "ये कागद सुपरवायजर भी पढ़ेगा ना? चलान से नौकरी बची, तो आपके सात नंबर से जाएगी."

तिघांची मिळून नोकरी शंभर वर्षांवर भरते. तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं. अर्जात आता दहा मुद्दे आहेत.

*

पुरावा म्हणून आम्ही पंचनामा करायचं ठरवलं. रिकाम्या बसमध्ये तिघं पंच, रविवारची सकाळ, मोकळा रस्ता. देशपांडे पुढच्या सीटवर पॅड घेऊन बसले.

"दाबा!" त्यांनी हुकूम सोडला.

गफूरभाईंनी पाय दाबला. साठ. सत्तर. खिडक्या वाजू लागल्या. एकोणऐंशीला काटा थांबला तो थांबलाच. मागून एका कारवाल्यानं हॉर्न मारला आणि आमच्याकडं कीव आल्यासारखं बघत निघून गेला.

पंचनामा आजही माझ्याकडं आहे. साठापर्यंतचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्यापुढचं देशपांड्यांनाही लागत नाही.

*

साळवे मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसले होते. वेग मोजणारी पोलिसांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली, तसे ते मला घेऊन थेट तिच्याकडं गेले.

"हवालदार साहेब, या यंत्राच्या तपासणीचा शिक्का कुठंय?"

"काका, हे काय कांदे मोजायचं यंत्र आहे का?"

"कांद्याचा काटासुद्धा वेळच्या वेळी तपासून घ्यावा लागतो," साळवे म्हणाले. "मी जन्मभर तेच केलं. काटा चुकला तर गिऱ्हाइकाचा एखादा कांदा जातो. तुमचं यंत्र चुकलं तर आमच्या माणसाची भाकर जाईल की!"

मला वाटलं, आता आम्हालाच गाडीत बसवतात. हवालदारानं साळव्यांचा घाम पाहिला, आतून स्टूल काढून दिलं, पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणाला, "हे तुमच्या अर्जात लिहा. तपासणीचा दाखला मागा. तो मागितला की वरून मागवावाच लागतो."

तो आमचा अकरावा मुद्दा. हवालदाराचं नाव लिहीत नाही, पण त्याचं भलं होवो.

*

सुनावणीला आम्ही चौघं गेलो. अधिकारी बाई तरुण होत्या. अर्ज चाळून त्यांनी विचारलं, "पंचनामा, लॉक, चाक, सगळं ठीक. पण हे गृहस्थ एरवी हळू चालवतात, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी उभा राहिलो. मुद्दे पाठ होते, पण ते काही आठवेनात. निघालं ते भलतंच.

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी माझी बायको स्वयंपाकघरात कोसळली. ॲम्ब्युलन्स येईना. मी टपरीपर्यंत पळत गेलो. ह्यांनी पन्नास सीटची रिकामी बस माझ्या दारात आणली आणि आम्ही दोघंच तिच्यातून दवाखान्यात निघालो. मी मागून ओरडत होतो, अहो दाबा, अहो दाबा! ह्यांचा काटा पन्नासच्या पुढं जाईना. मी नाही नाही ते बोललो ह्यांना. हे एवढंच म्हणाले, 'साब, भाभी के सिर को धक्का नहीं लगना.'"

गफूरभाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"बऱ्या आहेत का आता?" बाईंनी विचारलं.

"बरी आहे. येताना डबा दिलाय तिनं, चौघांचा."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "दाखला मागवते," त्या म्हणाल्या. "तोवर अर्ज विचाराधीन."

*

तसं पत्र मिळालं. सुपरवायजरनं ते उलटंसुलटं वाचलं आणि म्हणाला, "निकाल लागेपर्यंत चालवा मग." गफूरभाई दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीवर हजर!

इथं आम्ही गप्प बसायला हवं होतं. पण पंधरा दिवस उत्तर नाही म्हटल्यावर कारकुनाचा हात स्वस्थ राहतो का? मी सवयीनं स्मरणपत्र पाठवलं. आणखी पंधरा दिवसांनी दुसरं.

तिसऱ्याच दिवशी त्या कार्यालयातून फोन आला. "काका, दोन स्मरणपत्रं आलीत तुमची. दाखला अजून वरून आलेला नाही. एवढी घाई असेल तर दाखल्याशिवाय निकाल लावू, पण मग यंत्र बरोबर धरूनच लावावा लागेल. काय करायचं?"

फोन स्पीकरवर होता. गफूरभाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"घाई नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. टपरीवाला दचकला.

"तसं लेखी द्या मग," पलीकडून आवाज आला.

त्याच दुपारी मी टाइप केलं : 'मागील दोन्ही स्मरणपत्रे रद्द समजण्यात यावीत. तपासणीचा दाखला प्राप्त होईपर्यंत प्रकरणी कोणतीही घाई करू नये, ही नम्र विनंती.' खाली तिघांच्या सह्या. नेऊन दिलं. खिडकीतल्या मुलीनं आवकचा शिक्का मारला आणि पत्र वाचून म्हणाली, "काका, ही पण विनंतीच आहे. म्हणजे हिच्यावरही निर्णय घ्यावा लागेल. वेळ लागेल."

गफूरभाई बस चालवत आहेत. मूळ अर्ज प्रलंबित आहे. घाई करू नये म्हणून दिलेला अर्जही प्रलंबित आहे.